नगरचे पाकीट आणि समुद्राचा कायदा

नगरमधील जुन्या कागदांच्या एका दुकानात, वापरून झालेले स्टँपपेपर, पिवळ्या पडलेल्या लग्नपत्रिका आणि बंद पडलेल्या पेढ्यांच्या चोपड्या यांच्या ढिगाऱ्यात, काही वर्षांपूर्वी एक करड्या रंगाचे पाकीट माझ्या हाती लागले. दुकानदाराच्या लेखी त्याची किंमत शून्य होती, कारण त्यावर तिकीट नव्हते, आणि ज्या पाकिटावर तिकीट नाही ते संग्राहक हातात धरत नाहीत असा त्याचा अनुभव होता. परंतु तिकीट फाटून अथवा गळून गेल्याची खूणही कोठे दिसेना; कोपरा स्वच्छ होता, म्हणजे तिकीट मुळात लावलेलेच नव्हते. डाव्या बाजूस जर्मनीतील एका लहान गावाचा वाटोळा शिक्का व त्यात 1916 हे साल, वर ‘युद्धकैद्याचे टपाल’ अशा अर्थाचे जर्मन शब्द, मध्ये वळणदार अक्षरात एका नजरकैदेतील माणसाचे नाव आणि पत्ता म्हणून ‘अहमदनगर, ईस्ट इंडिया’. एक कड कापून तिच्यावर सेन्सॉरची कागदी पट्टी डकवलेली होती आणि तिच्यावर अर्धा उमटलेला जांभळा शिक्का होता.

पाकिटातले पत्र नाहीसे झालेले होते, आणि खरे सांगायचे तर मला त्याची उत्सुकताही फारशी नव्हती. कैदेतल्या माणसाला घरचे माणूस काय लिहिणार, हे तर्काने कळण्यासारखे आहे. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. 1916 साली इंग्लंड व जर्मनी ही दोन राष्ट्रे एकमेकांचा गळा धरून बसलेली होती, शत्रूशी व्यापार करणे हा गुन्हा ठरलेला होता. आणि तरीही शत्रूच्या मुलखात टाकलेले, एका पैचेही हशील न भरलेले हे पत्र अर्धी पृथ्वी ओलांडून सीनेच्या काठी, सह्याद्रीच्या पाठीमागच्या या कोरड्या पठारावर येऊन पोचले होते. ते कोणाच्या जहाजाने आले? त्याचे भाडे कोणी दिले? आणि वाटेत ज्या ज्या हातांत ते पडले त्यांपैकी एकालाही ते समुद्रात भिरकावून देण्याचा अधिकार का नव्हता? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो तेव्हा समुद्रावरील टपालाच्या कायद्याचा जो इतिहास समोर आला, तो वकिलांच्या कपाटात पडून राहावा इतका रूक्ष मला वाटला नाही.

नगरचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. निजामशाहीच्या काळी तो चांगला दृढ होता, कारण चौलचे बंदर या राज्याचे होते आणि तेथून मक्केकडे व इराणी आखाताकडे जाणाऱ्या गलबतांना पोर्तुगीजांचा परवाना, ज्याला ते कार्ताझ म्हणत, जवळ बाळगावा लागे. परवाना नसेल तर गलबत माणसांसकट व मालासकट जप्त होई, मग त्यावर सुलतानाचा खलिता असो की एखाद्या बोहऱ्याची हुंडी असो. समुद्रावरचा कायदा त्या काळी एवढाच होता: ज्याचे आरमार त्याचा समुद्र. गलबतातल्या पत्राला गलबताहून निराळे असे काही नशीब नव्हते, आणि ते निराळे नशीब पत्राला कसे लाभत गेले हीच या लेखाची कथा आहे.

निजामशाही बुडाल्यावर दोनशे वर्षांनी, 1831 च्या डिसेंबरात, अमेरिकन मराठी मिशनच्या पाद्र्यांनी नगरात ठाणे दिले आणि या गावाची पत्रे पुन्हा समुद्रावर जाऊ लागली. ती बॉस्टनला जात, आणि शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून तेथे पोचायला चार-पाच महिने सहज घेत. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लिहिलेल्या पत्राचे उत्तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी आले तर नशीब थोर समजायचे. ही पत्रे नेणारे जहाज बहुधा टपालाचे नसे. ते व्यापाऱ्याचे असे, आणि त्याचा कप्तान कापूस, नीळ, मसाले यांच्याबरोबर पत्रांची एक थैलीही घेऊन जाई. ‘शिप लेटर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या पद्धतीत कप्तानाला दर पत्रामागे काही बक्षिसी मिळे, इंग्लंडात दोन पेन्स व अमेरिकेत दोन सेंट, आणि तिच्या बदल्यात पहिल्या बंदरात पाय ठेवताच सर्व पत्रे तेथील टपालकचेरीत जमा करण्याचे बंधन त्याच्यावर असे. आपल्याकडे परगावी जाणाऱ्या माणसाच्या हाती ‘एवढी चिठ्ठी पोचती करा’ म्हणून पत्र देण्याची जी जुनी चाल होती, तीच सरकारने बक्षिसी आणि दंड यांच्या दोन दोऱ्यांनी बांधून टाकली, असे म्हटले तर ते चुकीचे होणार नाही.

आपल्याकडील कायद्यात ही दोरी किती घट्ट बांधलेली होती हे पाहण्यासारखे आहे. 1837 च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलखात मोबदला घेऊन पत्रे नेण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. पुढे 1854 व 1866 चे कायदे झाले, आणि अखेर 1898 चा भारतीय टपाल कायदा आला, जो सव्वाशे वर्षे टिकला. त्याच्या चौथ्या कलमात पत्रे नेण्याचा सरकारचा एकाधिकार सांगून लगेच त्याला अपवाद जोडले आहेत. प्रवासाला निघालेल्या खाजगी स्नेह्याने विनामोबदला नेलेले पत्र चालेल. स्वतःच्या कामासाठी खास पाठवलेल्या जासुदाने नेलेले चालेल. आणि मालाबरोबर जाणारे, केवळ त्या मालाविषयीचे व मालाबरोबरच विनामोबदला द्यावयाचे पत्र, मग तो माल जमिनीवरून जावो की समुद्रावरून, तेही चालेल. कायदा लिहिणारा इंग्रज असला तरी त्याला हिंदुस्थानातील पेढ्यांचे आणि आप्तेष्टांचे व्यवहार ठाऊक होते, हे या अपवादांवरून दिसते. ज्या कारकुनाने ‘खाजगी स्नेही’ हे शब्द कायद्यात घातले त्याच्याविषयी मला उगाच आपलेपणा वाटतो.

याच कायद्यात जहाजी पत्रांचे एक स्वतंत्र प्रकरण होते, आणि आपल्या विषयाचा गाभा त्याच्या चाळीस ते बेचाळीस या तीन कलमांत आहे. भारतीय बंदरातून सुटणारे कोणतेही जहाज, ते टपालाशी कराराने बांधलेले नसले तरी, टपालकचेरीने दिलेल्या थैल्या नाकारू शकत नसे. कप्तानाने त्या पावती देऊन घ्यायच्या आणि मुक्कामाच्या बंदरात विनाविलंब पोचत्या करायच्या. बंदरात येणाऱ्या कप्तानाने त्या बंदराची टपालवस्तू ताबडतोब कचेरीच्या हवाली करायची, आणि पुढच्या एखाद्या गावची पत्रे जहाजावर असतील तर त्यांची वर्दी देऊन मिळेल त्या हुकुमाप्रमाणे वागायचे. कसूर झाली तर दंड हजार रुपयांपर्यंत. त्याहून बारीक तरतूद पुढे आहे: जहाजावरचे टपाल कचेरीत गेल्यानंतरही एकाधिकारातले एखादे पत्र कप्तानाजवळ अथवा जहाजावरच्या कोणाजवळ जाणूनबुजून राहिलेले सापडले, तर दर पत्रामागे पन्नास रुपयांपर्यंत दंड. 1898 साली पन्नास रुपये म्हणजे चांगल्या कारकुनाचा महिन्याचा पगार. तेव्हा कोटाच्या अस्तरात विसरलेले एक पत्र खलाशाला किती महागात पडू शके, याची कल्पना वाचकांनी करावी.

व्यापारी जहाजाच्या कृपेवर चालणारे हे टपाल पुरेनासे झाले ते वाफेचा शोध लागल्यावर. 20 मार्च 1830 रोजी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुटली आणि सुमारे महिन्याभराने सुएझला पोचली. वाटेत कोळशासाठी थांबण्यातच तिचे कितीतरी दिवस गेले. पण वाऱ्याची मर्जी न विचारता टपाल तांबड्या समुद्रात नेता येते एवढे तिने सिद्ध केले. 1839 साली एडन इंग्रजांनी घेतले त्यामागे हा कोळसा होता, म्हणजे पर्यायाने ही पत्रे होती. 1854 नंतर मुंबई–सुएझ मार्गाचे टपाल पी. अँड ओ. कंपनीकडे मक्त्याने गेले, आणि ‘मेलबोट’ हा शब्द मराठीत रूढ झाला.

हा टपालाचा मक्ता म्हणजे काय प्रकरण होते, हे आज समजावून सांगावे लागते. सरकार कंपनीला दरसाल ठरलेली रक्कम देणार, कंपनी ठरल्या दिवशी ठरल्या घटकेला बोट सोडणार, आणि उशीर झाला तर तासांच्या हिशेबाने दंड भरणार. टपालाच्या थैल्यांसाठी मालासारखे ‘बिल ऑफ लेडिंग’ होत नसे. त्यांच्याबरोबर टपालखात्याची यादी जाई, आणि त्या यादीवर झालेली सही हाच सर्व जबाबदारीचा पुरावा असे. मेलबोटीची एवढी मिजास होती की 1869 च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा उघडला तरी पुढे कित्येक वर्षे विलायतचे टपाल कालव्यातून न जाता इजिप्तच्या आगगाडीनेच जात राहिले, कारण कराराच्या वेळापत्रकाला कालव्यातल्या रखडपट्टीचा भरवसा वाटत नव्हता. 1868 पासून तर बोटीवरच टपाल निवडण्याची व्यवस्था झाली. पुढे ती मुंबई–एडन या टप्प्यापुरती राहिली, आणि त्या तरंगत्या टपालकचेरीतले सॉर्टर उकाड्याने घुसमटलेल्या कोंदट जागेत, बोट हेलकावे खात असताना, हजारो पत्रे गावोगावच्या खणांत टाकत बसत. बोट मुंबईच्या धक्क्याला लागेपर्यंत नगरची थैली बांधून तयार असे, आणि 1878 साली दौंड–मनमाड रेल्वे सुरू झाल्यावर ती बैलगाडीची वाट न पाहता थेट नगरच्या स्टेशनात उतरे.

आता जो भाग येतो तो मला या सगळ्या इतिहासात सर्वांत थोर वाटतो, आणि त्याचे श्रेय ज्या राष्ट्राला जाते ते आमच्या पाकिटाचेच जन्मस्थान आहे. हाइन्रिख फॉन श्टेफान या जर्मन टपालप्रमुखाच्या खटपटीने 1874 साली बर्न येथे 22 राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि 9 ऑक्टोबरला त्यांनी एक तह केला. त्यापूर्वी एका देशाचे पत्र दुसऱ्या देशातून तिसऱ्या देशात जायचे म्हणजे प्रत्येक जोडीचा स्वतंत्र करार, प्रत्येक सरहद्दीवर निराळे हशील, आणि जहाज लागले की त्याचे आणखी निराळे भाडे. एकाच पाकिटावर चार चार सरकारांचे आकडे पेन्सिलीने व शाईने मांडलेले असत. बर्नच्या तहाने सर्व सभासद देशांचा मिळून एकच टपालमुलूख मानला. प्रत्येकाने दुसऱ्याचे टपाल आपल्या हद्दीतून आणि आपल्या जहाजातून स्वतःच्या टपालाइतक्याच तत्परतेने जाऊ दिले पाहिजे, हा नियम झाला, आणि मार्गस्वातंत्र्य हे टपालाचे मूलतत्त्व ठरले. पुढे 1878 च्या पॅरिस परिषदेत या मंडळाला जागतिक टपालसंघ हे नाव मिळाले. हिंदुस्थान या संघात 1 जुलै 1876 रोजी दाखल झाला.

समुद्राचे काय करायचे, हा त्या परिषदेपुढचा अवघड प्रश्न होता. रेल्वेमार्ग सरकारांच्या मालकीचे अथवा हुकमतीतले होते, पण जहाजे कंपन्यांची होती आणि सरकारे त्यांना लाखोंचे मक्ते देत होती. ते पैसे फेडून घेतल्याशिवाय इंग्लंडसारखे समुद्रवासी राष्ट्र सहीला हात लावणार नव्हते. तोड अशी निघाली की 300 सागरी मैलांहून लांबचा प्रवास असेल तर पत्राच्या साध्या दरावर निम्म्यापर्यंत जादा हशील घेता येईल, आणि जहाज पुरवणाऱ्या देशाला पत्रांच्या किलोमागे साडेसहा फ्रँकपर्यंत भाडे मिळेल. हे भाडे पत्रागणिक मोजायचे नाही. ठरावीक मुदतीत थैल्यांची वजने घेऊन त्या तक्त्यावरून सालाचा हिशेब करायचा. सगळ्या जगाच्या पत्रव्यवहाराचे भाडे तराजूवर काढण्याची ही कल्पना एखाद्या अडत्याला शोभेल इतकी व्यवहारी आहे, आणि ती दीर्घकाळ चालली. गंमत अशी की या तहातून एका टपालाला नावानिशी वगळलेले होते: युरोप ओलांडून जाणारी ‘हिंदुस्थानची डाक’. तिच्यासाठी खास गाड्या आणि खास बोटी धावत, तिचा खर्च कोणत्याच साध्या दरात बसत नव्हता.

पत्र हरवले तर? साध्या पत्राची जबाबदारी कोणी घेतली नाही. आपल्या 1898 च्या कायद्याच्या सहाव्या कलमातही सरकारने गहाळ, विलंब अथवा नुकसान यांपासून आपले अंग काढून घेतले आहे. रजिस्टर केलेले पाकीट गेले तर 1878 पासून 50 फ्रँक भरपाई ठरली. मात्र दैवी आपत्ती त्यातून वगळलेली, आणि समुद्रावर दैवी आपत्तीला तोटा नसतो.

शांततेच्या काळाची घडी अशी बसली. आता युद्धाकडे वळू. 1899 च्या डिसेंबरात, बोअर युद्ध चालू असता, ‘बुंडेसराट’ हे जर्मन टपालजहाज इंग्रज आरमाराने आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ पकडून डर्बानला नेले, आणि पुढच्या जानेवारीत ‘जनरल’ नावाचे दुसरे जर्मन टपालजहाज एडनला अडवून त्याची झडती घेतली. बोअरांना शस्त्रे जात असल्याचा संशय होता. निषिद्ध माल काही सापडला नाही, आणि जर्मनीत संतापाचा डोंब उसळला. त्या युद्धात इंग्रजांनी पकडलेले बोअर 1901 पासून मुंबई बंदरातून नगरच्या किल्ल्यात येऊन पडले, त्यांची पत्रेही सेन्सॉरच्या शिक्क्यांखालून समुद्रापार जाऊ लागली. म्हणजे पुढे जो नियम झाला त्याच्या मुळाशी असलेल्या भांडणाचे एक टोक नगरच्या खंदकाशी येऊन टेकते.

तो नियम 1907 साली हेग येथे झाला आणि त्याची सूचना जर्मनीनेच आणली होती. हेगच्या अकराव्या करारनाम्याने असे ठरवले की भर समुद्रात तटस्थ अथवा शत्रूच्या जहाजावर सापडलेला टपाली पत्रव्यवहार अनुल्लंघनीय आहे. तो सरकारी असो की खाजगी, तटस्थांचा असो की लढणाऱ्यांचा. जहाज जप्त झाले तरी पत्रे जप्त होत नाहीत. ज्याने जहाज धरले त्यानेच ती शक्य तितक्या लवकर पुढे रवाना करायची. नाकेबंदी केलेल्या बंदराची पत्रे मात्र अपवाद. तटस्थ टपालजहाजालाही झडतीतून पूर्ण माफी नाही, परंतु ती अगदी निरुपाय असेल तेव्हा आणि शक्य तितक्या नरमाईने व झटपट उरकायची. चौलच्या कार्ताझपासून येथवर आलेल्या वाचकाला यातला पालट ध्यानी येईल: जहाज आणि पत्र यांची नशिबे कायद्याने प्रथमच विलग केली.

कागदावर विलग केली, असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे. 1914 साली महायुद्ध पेटले, मुंबई–एडन बोटीवरची ती तरंगती टपालकचेरी बंद झाली, आणि इंग्रज व फ्रेंच मुत्सद्द्यांनी हेगच्या करारातील फटी दाखवायला प्रारंभ केला. करार सर्व लढणाऱ्यांनी मान्य केला असेल तरच लागू, असे त्याचे स्वतःचेच कलम आहे, आणि रशियाने तर सहीच केलेली नाही. पार्सल म्हणजे पत्र नव्हे, तो माल. आणि करार बोलतो ‘भर समुद्रा’विषयी, आम्ही जहाज आमच्या बंदरात आणतो, तेथे आमचा कायदा चालतो, तेथे थैली फोडली तर करार मोडला कोठे? तटस्थ हॉलंडची व स्कँडिनेव्हियाची जहाजे अशी बंदरात आणून त्यांवरचे टपाल उघडले जाऊ लागले, तेव्हा अमेरिकेने 24 मे 1916 च्या खलित्यात त्याचा कडक निषेध केला. जहाज जबरदस्तीने बंदरात आणायचे आणि मग बंदराच्या अधिकाराची भाषा करायची, ही युक्ती न्यायाची नव्हे, असा त्याचा आशय होता. माझ्या मते अमेरिकेचे म्हणणे रास्त होते. पण पाकिटांच्या आड निषिद्ध रबरही जात असे, हा इंग्रजांचा पुरावाही खोटा नव्हता. चांगल्या नियमाचा आडोसा लबाडाला मिळतो, आणि मग त्या लबाडाचा आडोसा घेऊन सरकार नियमच मोडते. ही आपल्या ओळखीची गोष्ट आहे.

जर्मनीची तऱ्हा याहून विलक्षण. ज्या राष्ट्राने टपालाची अनुल्लंघनीयता सुचवली त्याच्याच पाणबुडीने 30 डिसेंबर 1915 रोजी, मुंबईकडे येणारी ‘पर्शिया’ ही पी. अँड ओ. ची मेलबोट क्रीट बेटाजवळ कोणतीही सूचना न देता बुडवली; तीनशेहून अधिक माणसे गेली. 23 जून 1917 रोजी ‘मंगोलिया’ ही दुसरी बोट खुद्द मुंबईच्या तोंडाशी, ‘वोल्फ’ या जर्मन जहाजाने पेरून ठेवलेल्या सुरुंगावर आदळून बुडाली. पत्र उघडू नये असे करारनामा सांगतो. पत्र नेणारे जहाज बुडवू नये असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. आमचे करडे पाकीट याच पाण्यातून आले. जर्मनीतल्या घरातून निघालेले ते पत्र, नगरच्या छावणीतल्या आपल्या माणसाकडे पोचण्यासाठी इंग्रजांच्या बोटीत बसले होते, आणि वाटेत त्याला सर्वांत मोठे भय जर्मन पाणतीराचेच होते.

आणि तिकीट नव्हते त्याचे कारण हेगच्याच दुसऱ्या करारात, भूयुद्धाच्या नियमांतील सोळाव्या कलमात आहे. युद्धकैद्यांना आलेली अथवा त्यांनी पाठवलेली पत्रे, मनिऑर्डरी व टपालाने जाणारी पार्सले यांना निघण्याच्या, पोचण्याच्या आणि वाटेत लागणाऱ्या अशा सर्व देशांत हशील माफ. जहाजाचे भाडे कोणी द्यायचे हा प्रश्न येथे मुळातच नाहीसा केलेला आहे. साडेसहा फ्रँकांचा तराजू या थैलीपुरता गुंडाळून ठेवायचा. पत्रे बहुधा स्वित्झर्लंड अथवा हॉलंड या तटस्थ देशांच्या टपालखात्यातून फिरून येत, सेन्सॉर त्यांना उघडी, वाची, उशीर लावी, पण ती पोचती करणे टाळू शकत नसे.

त्या वेळी नगरच्या बराकींत कोण कोण होते! हिंदुस्थानातल्या जर्मन पेढ्यांचे गुमास्ते, बंदरात अडकलेल्या जहाजांचे खलाशी, मंगळूर-धारवाडकडचे बासेल मिशनचे पाद्री, पुढे पूर्व आफ्रिकेतून आणलेले वसाहतवाले. कित्येक बायका-मुलांना व पाद्र्यांना ‘गोलकोंडा’ बोटीने 1915-16 मध्ये मायदेशी पाठवण्यात आले. मागे राहिलेल्यांना टपाल हाच आधार. 1917 च्या सुरुवातीस जिनीव्हाच्या रेड क्रॉसचे प्रतिनिधी हिंदुस्थानातील छावण्या पाहून गेले. हा हक्क एकतर्फी नव्हता, हेही सांगितले पाहिजे. 29 एप्रिल 1916 रोजी कूत येथे पुण्याची सहावी डिव्हिजन तुर्कांच्या हाती सापडली आणि तिच्यातल्या मराठा पलटणींचे शिपाई अनातोलियाच्या वाटेला लागले. त्यांच्या घरी देशावर आणि कोकणात ज्या माउल्या पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या त्यांना हेग हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्यांची आशा त्याच सोळाव्या कलमावर टांगलेली होती.

पुढचे थोडक्यात सांगतो. 1939 साली दुसरे महायुद्ध सुरू होताच नगरात पुन्हा जर्मनांची छावणी बसली; हाइन्रिख हारर हा गिर्यारोहक, जो पुढे देहरादूनच्या छावणीतून निसटून तिबेटात पोचला, तो आरंभी येथेच होता. 1949 च्या जिनीव्हा करारात युद्धकैद्याला महिन्याकाठी निदान दोन पत्रे व चार कार्डे पाठवू द्यावीत असा आकडाच घालण्यात आला, आणि हशीलमाफी कायम राहिली. तोवर विमाने आली होती. मेलबोटीचे वैभव ओसरत गेले, बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनातून सुटणारी डाकगाडी इतिहासजमा झाली, आणि समुद्राच्या वाट्याला पुस्तके, जड पार्सले आणि घाई नसलेली माणसे एवढीच उरली.

1898 च्या कायद्याच्या जागी भारतीय संसदेने 2023 चा टपालघर अधिनियम केला आणि तो 18 जून 2024 पासून अमलात आला. पत्रे नेण्याचा सरकारी एकाधिकार त्यात नाही. एकाधिकार उरला आहे तो टपालतिकिटे काढण्याचा. चौथे कलम गेले, त्याच्याबरोबर तो ‘खाजगी स्नेही’ गेला, आणि जहाजी पत्रांचे प्रकरण, कप्तानाची पावती, पत्रामागे पन्नास रुपये दंड, हेही सारे कालबाह्य झाले. बर्नचा टपालसंघ मात्र चालू आहे, आणि सर्व सभासद देशांचा मिळून एकच टपालमुलूख, ही त्याची पहिली प्रतिज्ञा आजही त्याच्या घटनेत पहिल्याच कलमात आहे.

ते पाकीट मी दहा रुपयांना घेतले. दुकानदाराने हसून विचारले की यात तुम्हाला काय मिळाले, आणि मला त्याला थोडक्यात सांगता आले नाही. नगर म्हणा की आता अहिल्यानगर म्हणा, या जिल्ह्यात जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, मिशनच्या बंगल्यांत, फौजेतून परतलेल्यांच्या पत्र्याच्या पेट्यांत अशी पाकिटे अजून असतील. तेव्हा वाचकांना एवढीच विनंती आहे: मुलाच्या संग्रहासाठी म्हणून पाकिटाचा कोपरा कातरून घेऊ नका, आणि तिकीट नाही म्हणून ते बंबात घालू नका, आधी उलटून त्याची पाठ पाहा, कारण बोटीचा, बंदराचा आणि वाटेतल्या देशांचा शिक्का बहुधा तेथेच असतो.